शंभर किलोमीटरचा इतिहास : दाबोळी ते सांबरा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले होते. त्यांच्या नावाने भरलेल्या या सभेत बोलण्याचा मान मिळावा, ही माझ्या पंचाहत्तरीत मला लाभलेली मोठीच गोष्ट होय. मी मराठी भाषा आणि साहित्य यांचा अध्यापक. विमानविद्या हा माझा विषय नव्हे. तरीही दोन विमानतळांमधील अंतर आणि त्या अंतराला लागणारा वेळ हा विषय मी आज निवडला आहे, आणि त्याचे श्रेय गुरुजींच्या एका दोऱ्याकडे जाते.

गोवा मुक्त झाल्यानंतरच्या पहिल्याच वर्षातली, म्हणजे १९६२ सालची ही गोष्ट. गुरुजींनी भिंतीवर नकाशा टांगला, एक टाचणी दाबोळीवर टोचली, दुसरी बेळगावजवळच्या सांबऱ्यावर, आणि दोन्ही टाचण्यांमध्ये एक पांढरा दोरा ताणून बांधला. मग एकेका मुलाला बोलावून ते विचारू लागले की, या दोऱ्याखाली कोणकोणती गावे येतात. माझी पाळी आली तेव्हा मी वाकून पाहिले. दोऱ्याला अगदी खेटून आमचे वाळपई होते. आपले गाव कशाच्या तरी वाटेवर आहे, हे तोवर आम्हां मुलांना ठाऊकच नव्हते. आमच्या समजुतीने वाळपई हे वाट संपण्याचे ठिकाण होते. पुढे डोंगर, आणि डोंगरापलीकडे परराज्य.

दोरा सांगतो ते अंतर खरे, पण अर्धे. उरलेले अर्धे वाटेला विचारावे लागते, अशा अर्थाचे काही गुरुजी त्या दिवशी बोलले होते. ते तेव्हा उमगले नाही. आज त्या उरलेल्या अर्ध्याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

दोरा आणि घड्याळ

प्रथम दोऱ्याचे काय ते पाहू. दाबोळी समुद्रकाठच्या पठारावर आहे, तर सांबरा घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. या दोन धावपट्ट्यांमधील सरळ अंतर सुमारे १०० किलोमीटर भरते. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांतील सर्वांत जवळचा मार्ग हा वस्तुतः तिच्या पृष्ठावरील एक कंस असतो. परंतु एवढ्या लहान पल्ल्यात कंस आणि सरळ रेषा यांत फरक उरत नाही. वाळपई या रेषेपासून जेमतेम तीन-चार किलोमीटरांवर आहे. जमिनीवरून मात्र हाच प्रवास चोरला घाटाने केल्यास दीडशे किलोमीटरांच्या आसपास जातो, आणि वास्को, कुळे, कॅसलरॉक, लोंढा असा आगगाडीने केल्यास त्याहून थोडा अधिक.

आता घड्याळाकडे वळू. दोन पंखे असलेले लहान प्रवासी विमान ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाते असे धरले, तर त्रैराशिकाने उत्तर येते बारा मिनिटे. हे उत्तर गणिताच्या वहीत बरोबर आणि आकाशात चूक आहे. विमानाला धावपट्टीच्या टोकापर्यंत जावे लागते, परवानगीची वाट पाहावी लागते, सह्याद्री ओलांडण्याइतकी उंची गाठावी लागते, आणि ती गाठते न गाठते तोच उतरण्याची तयारी सुरू करावी लागते. म्हणूनच वेळापत्रकात छापतात ती वेळ नुसती हवेतली नसते. चाके जागची हलल्यापासून ती पुन्हा स्थिर होईपर्यंतची असते. या हिशेबाने शंभर किलोमीटरचे उड्डाण अर्ध्या तासाच्या आसपास जाते. दाबोळी ते मुंबई हे अंतर याच्या चौपटीहून अधिक, म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. पण विमानाला तेथे जाण्यास चौपट वेळ लागत नाही, सुमारे एक तास लागतो. पल्ला जितका तोकडा, तितका चढण्या-उतरण्याचा आणि थांबण्याचा वाटा मोठा. अंतर आणि वेळ ही भावंडे खरी, पण ती एकमेकांचे ऐकतातच असे नाही.

आपल्या पूर्वजांना हे विमानाशिवायच कळले होते, याची साक्ष आपली भाषा देते. कोस आणि योजन ही अंतराची मापे झाली. पण वाटसरूच्या तोंडी असे ती 'मजल'. हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ मुक्कामाची जागा, आणि मराठीत त्याचा अर्थ झाला एका दिवसाची चाल. सपाटीवरची मजल लांब, घाटातली आखूड, पावसाळ्यातली त्याहूनही आखूड. 'दिवसाची वाट', 'दोन घटकांची वाट' असे आपण म्हणत आलो, ते उगाच नव्हे. आणि 'अंतर' हा शब्दच पाहा. दोन गावांत अंतर असते, दोन माणसांत अंतर पडते, आणि आपले माणूस कायमचे गेले म्हणजे ते आपल्याला अंतरते. मैलांचा दगड यांतले पहिले तेवढे सांगतो.

लिस्बनहून वाळपईला

सत्तरीच्या इतिहासात अंतर हे नेहमीच राजकारणाचे साधन राहिले आहे. राणे सरदारांच्या बंडांची हकीकत या सभेपुढे नव्याने सांगण्याची गरज नाही. १८५२ साली दीपाजी राण्यांनी आणि १८९५ साली दादा राण्यांनी ज्या सत्तेला आव्हान दिले, तिचे मुख्य ठाणे पणजी असले तरी मूळ ठाणे लिस्बन होते. १८९५ च्या उठावाचे निमित्तच मुळी अंतराचे होते. पोर्तुगिजांच्या पदरी असलेल्या मराठा शिपायांना समुद्रापार मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला, तो त्यांनी मानला नाही, आणि वाळपईजवळच्या नाणूसच्या किल्ल्याचा आश्रय घेतला. हे बंड मोडण्यासाठी राजबंधू आफोंसु यांच्या नेतृत्वाखाली लिस्बनहून फौज आणावी लागली. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झालेला असूनही त्या फौजेचा प्रवास आठवड्यांच्या हिशेबात मोजावा लागला. बंडखोरांना वेळ मिळाला तो या सागरी अंतरामुळे. आणि त्यांना आसरा मिळाला तो घाटाच्या सान्निध्यामुळे. लिस्बन दूर होते आणि घाटमाथा जवळ होता.

हा घाटमाथा आमच्या रोजच्या व्यवहारातला होता. चोरला, केळघाट यांसारख्या वाटांनी बैलांचे तांडे उतरत. मीठ, नारळ, सुपारी वर जाई, धान्य खाली येई. सोयरिकी होत. आपली म्हादई नदीही खानापूर तालुक्यात उगम पावून सत्तरीत उतरते आणि पुढे मांडवी होऊन समुद्राला मिळते. तिला हद्द कधी आडवी आली नाही. १८८८ च्या सुमारास मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग पुरा झाला, तेव्हा कुळे ते कॅसलरॉक हा २६ किलोमीटरचा चढ आगगाडी चढू लागली, आणि गोवा घाटमाथ्याच्या आणखी जवळ आला.

विमान गोव्यात आले ते मात्र घाटावरून नव्हे, लिस्बनकडूनच. १९३० साली मोरैरा कार्दोझु आणि सार्मेंतु पिमेंतेल हे दोन पोर्तुगीज वैमानिक एका लहानशा विमानातून पोर्तुगालहून गोव्यापर्यंत आले. त्या साहसाचे कौतुक करण्यास हरकत नाही. पण नवे वाहन येताच पहिली मोजणी झाली ती राज्यकर्त्यांच्या मायदेशापासूनच्या अंतराची, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शंभराऐवजी साडेबाराशे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ब्रिटिशांनी सांबऱ्याला वैमानिकांच्या शिक्षणासाठी तळ उभारला. दाबोळीचा विमानतळ त्यानंतर तेरा वर्षांनी, १९५५ साली सुरू झाला. तेव्हाचे गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव त्याला देण्यात आले. म्हणजे १९५५ साली आपल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन विमानतळ होते. आकाशमार्गाने शंभर किलोमीटर. प्रवास सुरू होण्यास यापेक्षा अधिक काय हवे?

परंतु नेमक्या त्याच वर्षी वाट बंद झाली. गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रह सुरू झाले होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी ठिकठिकाणच्या सीमांवरून निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले, आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मारली गेली. पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे त्यांचे स्मारक आहे. भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी अधिक कडक केली, आगगाडी थांबली, सीमा बंद झाल्या, १ सप्टेंबर १९५५ पासून गोव्यातली भारतीय वकिलातही बंद झाली.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी पोर्तुगीज सरकारने १९५५ साली एक विमानसेवा उभी केली. 'पोर्तुगीज भारताची हवाई वाहतूक' असा तिच्या नावाचा अर्थ, आणि नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'टाइप' म्हणून ओळखली जाई. गोवा, दमण, दीव आणि कराची असा तिचा मार्ग. दमण आणि दीव ही गोव्यापासून दूर पडलेली ठाणी. त्यांना गोव्याशी जोडण्यास समुद्र आणि आकाश एवढेच उरले होते. गोवा ते दमण सुमारे ५७० किलोमीटर, दमण ते दीव २००, दीव ते कराची ६००. सरळ गेल्यास गोवा ते कराची सुमारे १,२६० किलोमीटर, आणि दमण-दीववरून गेल्यास पावणेचौदाशे. त्या काळच्या पंख्याच्या विमानांचा वेग ताशी तीनशे किलोमीटरांच्या आगेमागे. कोठेही न थांबता गेले तरी चार तास लागावेत. पुढे या सेवेची मोठी विमाने लिस्बनपर्यंतही जाऊ लागली.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. बेळगाव शंभर किलोमीटर, पण वाट बंद. कराची साडेबाराशे किलोमीटर, पण वाट खुली. बेळगाव जिल्ह्यात बटाटा पिकत होता, आणि गोव्यात बटाटा येत होता हॉलंडमधून. तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, सिमेंट जपानातून. ज्याच्या हाती पैसा आणि परवाना, त्याच्यासाठी लिस्बन जवळ आले. ज्याच्या पायांत फक्त चालण्याचे बळ, त्याच्यासाठी खानापूर दूर गेले. विमानाने त्या सहा वर्षांत अंतर कमी केले असे इतिहासात लिहिलेले सापडेल. ते खोटे नाही. कोणाचे कमी केले, हा प्रश्न तेवढा विचारायचा राहतो.

या ठिकाणी घरची एक गोष्ट सांगण्याची अनुज्ञा असावी. माझी आत्या खानापूर तालुक्यात, घाटमाथ्यावरच्या एका गावी दिलेली होती. पहाटे निघालेला माणूस दिवेलागणीला तिच्या दारात पोचे; एका मजलेची वाट. दर वर्षी चतुर्थीला ती माहेरी येई. सीमा बंद झाल्यावर तिचे येणे थांबले. माझे आजोबा त्या काळात वारले. त्यांच्या निधनाचा निरोप लेकीला कळायला पंधरा-वीस दिवस लागले, आणि ती माहेरचा उंबरा चढली ती १९६२ च्या चैत्रात. अंगणात येताच तिने पहिल्यांदा ओटीवरच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिले, जेथे आजोबा बसत. आमच्या घरी ते अंतर कोणी किलोमीटरात मोजले नाही.

दोऱ्यावरून आलेली विमाने

वाट बंद असताना घाट ओलांडून आली ती एक गोष्ट म्हणजे आवाज. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी नोव्हेंबर १९५५ पासून एक गुप्त आकाशवाणी केंद्र चालवले. आधी आंबोलीच्या जंगलातून आणि नंतर कॅसलरॉकहून त्यांचे प्रसारण होई. परवान्याची गरज नसलेला, चौकीवर न अडणारा असा हा एकच प्रवासी होता.

पुढे १८ डिसेंबर १९६१ उजाडला. भारतीय वायुदलाने पुणे आणि सांबरा येथील तळांवर आपली विमाने आणून ठेवली होती. हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. सकाळी १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड वजनाचे बाँब टाकले; हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. सकाळी दूरवर घरघर ऐकू आली, ती वाढत गेली आणि डोंगरात घुमत राहिली, एवढे मला आठवते. आई आम्हांला घरात ओढत होती आणि वडील अंगणात उभे राहून वर पाहत होते. ज्या रेषेवर प्रवासी विमान कधी पाहिले नव्हते, त्या रेषेने प्रथम आली ती लढाऊ विमाने.

दाबोळीवर त्या दिवशी दोन प्रवासी विमाने उभी होती. बाँबफेकीतून ती वाचली. त्या रात्री धावपट्टीचा जेवढा भाग धड उरला होता, तेवढ्यावरून ती अंधारात उडाली आणि कराचीला पोचली. सहा वर्षे जो मार्ग राज्यकर्त्यांचा श्वास होता, त्याच मार्गाने ती गेली. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. त्याच दिवशी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी वायुदलाच्या विमानातून गोव्यावर फिरून ध्वनिक्षेपकाने मुक्तीची वार्ता सांगितली. जंगलात बसून घाटाखाली पाठवलेला आवाज शेवटी वरून, उघड्या आकाशातून खाली आला. या योगायोगाचे महत्त्व मला त्या दिवशीच्या कोणत्याही तोफेपेक्षा अधिक वाटत आले आहे.

मुक्तीनंतरची मोजणी

मुक्तीनंतर बेळगाव जवळ आले का? आले, पण जसे जायला हवे होते तसे नाही. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. दाबोळी १९६२ साली नौदलाच्या ताब्यात देण्यात आली, आणि नागरी विमाने नौदलाच्या वेळापत्रकात बसवून उतरू लागली. पुढे युरोपातून पर्यटकांची विमाने थेट येऊ लागली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली, आणि मुंबई एका रात्रीवर आली. दाबोळीचे तोंड मुंबई, दिल्ली आणि युरोप यांच्याकडे राहिले. घाटमाथ्याकडे तिची पाठच होती. गोव्याच्या स्वयंपाकघरात जी भाजी शिजते, तिचा मोठा वाटा मात्र चोरल्याच्या वळणांवरून येत राहिला. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की म्हापशाच्या आणि पणजीच्या बाजारात त्याची वार्ता वर्तमानपत्राच्या आधी पोचते.

गेल्या काही वर्षांत या प्रदेशाचा नकाशा पुन्हा बदलला. सांबऱ्याची नवी इमारत २०१७ साली उभी राहिली. सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. पेडण्यात मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. मनोहर पर्रीकर यांचे नाव त्याला देण्यात आले आहे. मोपा ते दाबोळी सरळ अंतर सुमारे ४० किलोमीटर, मोपा ते चिपी ४५, मोपा ते सांबरा सुमारे ८२. एके काळी ज्या टापूत एका विमानासाठी सहा वर्षे कराचीची वाट धरावी लागली, त्या टापूत आज शंभर किलोमीटरांच्या आत चार विमानतळ आहेत.

शासनाच्या मोजणीतही जुनी 'मजल' परत आली, हे पाहून माझ्यासारख्या भाषेच्या अध्यापकाला मौज वाटली. लहान शहरांना जोडण्यासाठी २०१६ साली जाहीर झालेल्या 'उडान' योजनेत भाड्याची मर्यादा घातली गेली, ती सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजेच विमानाच्या एका तासाच्या प्रवासासाठी २,५०० रुपये. अंतर वेळेने मोजण्याची आमच्या आजोबांची रीत सरकारी कागदावर उमटली.

विद्यार्थी मित्रांना एक गंमत सांगतो. नकाशावर वाळपईपासून दाबोळीपर्यंत दोरा ताणा, मग मोप्यापर्यंत ताणा. दोन्ही दोरे जवळजवळ सारखेच, सुमारे ३७ किलोमीटर भरतील. गोव्याच्या दोन्ही विमानतळांना आपले गाव सारखेच जवळ आहे. किंवा सारखेच दूर. यांपैकी कोणता शब्द वापरायचा, ते दोरा सांगणार नाही. डोंगराकडेच्या वाड्यावरून निघालेल्या माणसाला पहिली बस किती वाजता मिळते, ती साखळीला कधी पोचते, डिचोलीत गाडी बदलावी लागते का, यावर ते ठरेल. आखातात नोकरीला गेलेला आपला मुलगा समुद्र काही तासांत ओलांडतो. आणि त्याला आणायला निघालेल्या आईवडिलांचा अर्धा दिवस विमानतळाच्या वाटेवर आणि दारात जातो. वेळापत्रकात पहिली वेळ छापतात, दुसरी छापत नाहीत.

आणखी एक हिशेब आहे, तो टाळता येणार नाही. मोप्याच्या पठारावर दोन हजारांहून अधिक एकर जमीन लागली. ते पठार ओसाड होते असे दुरून पाहणाऱ्याला वाटले. पण त्यावर काजूच्या बागा होत्या, गुरांची कुरणे होती, धनगरांची घरे होती. ती घरे हलली. पर्यावरणाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित केली होती. अधिक अटी घालून जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठवण्यात आली. विमानतळ होऊ नये असे मी म्हणत नाही. पेडण्याच्या मुलांना तेथे काम मिळाले तर त्याचा मला आनंदच आहे. परंतु ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन दिली, त्यांच्या हाती या जवळिकीचा किती वाटा आला, हे विचारणे म्हणजे प्रगतीला विरोध करणे नव्हे. पत्रादेवीचे स्मारक मोप्यापासून फार दूर नाही. ज्या भूमीवर माणसे केवळ हद्द ओलांडण्यासाठी चालत आली आणि मारली गेली, तिच्या शेजारून आता दिवसभर विमाने उडतात. त्या प्रवाशांपैकी किती जणांना ते स्मारक ठाऊक असेल?

उरलेले अर्धे

या साऱ्या विवेचनातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. दोन ठिकाणांतील अंतर भूगोल ठरवतो, पण त्या अंतराला लागणारा वेळ इतिहास ठरवतो. दाबोळी आणि सांबरा यांच्यामधली रेषा १९५५ साली जेवढी होती, तेवढीच १९६१ साली होती आणि आजही आहे. तिच्यावरचा वेळ मात्र एका मजलेपासून सहा वर्षांपर्यंत ताणला गेला, आणि एके सकाळी लढाऊ विमानांच्या वेगाने काही मिनिटांवर आला. यांपैकी कोणताही बदल डोंगराने केला नाही. तो माणसांनी केला. राज्यकर्त्यांनी, सत्याग्रहींनी, व्यापाऱ्यांनी, सैनिकांनी. म्हणून यापुढचा वेळही माणसेच ठरवणार आहेत, आणि त्यांत आपणही असले पाहिजे.

विमानाची वेळ मोजताना चाके हलल्यापासून थांबेपर्यंत मोजतात, हे मी आरंभी सांगितले. आपण आपली मोजणी त्याहून थोडी मोठी धरावी, घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत. त्यात बसची वाट पाहण्याचा वेळ धरावा, घाटातल्या दरडीचा धरावा, आणि ज्याला तिकिटाचे दर परवडतच नाहीत त्याचाही धरावा. अशी मोजणी केली म्हणजे कोणता रस्ता आधी हवा, कोणती बस कोणत्या वेळी हवी, हे सांगायला तज्ज्ञाची गरज उरणार नाही.

शाळेला एक विनंती करून थांबतो. येत्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या किंवा वाड्यावरच्या एखाद्या वृद्ध माणसाला एवढेच विचारावे, की तुमच्या लहानपणी बेळगावला जायला किती वेळ लागत असे, वाट कोणती होती, सोबत काय न्यायचे, आणि १९५५ नंतर काय झाले. उत्तर एका पानावर उतरवून, सांगणाऱ्याचे वय आणि तारीख घालून शाळेत जमा करावे. ही माणसे आता थोडी उरली आहेत. माझी आत्या गेली तेव्हा तिच्याबरोबर चोरल्याच्या जुन्या पायवाटेवरच्या कितीतरी खुणा गेल्या. त्या मी विचारून ठेवल्या नाहीत, ही खंत आजही मनात आहे. अशी शंभर पाने जमली, तर गुरुजींच्या दोऱ्याचे उरलेले अर्धे अंतर या शाळेच्या कपाटात सुखरूप राहील. त्यांच्या स्मृतीला याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.